माझं शून्य आणि डॉक्टरांचे एकोणीस

चि. धाकट्या बहिणीस थोरलीचे अनेक आशीर्वाद.

गेल्या खेपेस तू पाकीट पाठवलंस, पण आत पत्र घालायला विसरलीस. माझं काही अडलं नाही. पत्र असतं तरी मला कुठं वाचता येणार होतं? तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. हे पत्र नात लिहून घेते आहे, रुग्णालयातली ड्यूटी संपवून, सुजलेले पाय बादलीत सोडून. (हे कशाला सांगायचं, म्हणते. लिही मुकाट्यानं.)

तर तिच्या रुग्णालयात तिथल्याच नोकरमाणसांसाठी तंबाखूच्या अपायांवर व्याख्यान होतं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून घरची माणसंही बोलावली, त्यात मी. छातीचे डॉक्टर तासभर बोलले. फुप्फुस कसं काळवंडतं, रक्तवाहिनी कशी आवळते, सगळं तोंडपाठ. मग नवंकोरं यंत्र काढलं. त्यात फुंकलं की श्वासात धूर किती ते आकड्यात कळतं म्हणे. "घाबरू नका, आधी मी फुंकतो," म्हणाले, आणि बोलण्याच्या भरात आपण मघाशी धोबीखोलीमागे काय करून आलो ते विसरले. (विसरण्यात तुझ्या तोडीचं माणूस प्रथमच पाहिलं.) आकडा एकोणीस, वर लाल दिवा! "यंत्र बिघडलंय, सर," झाडूवाल्या मावशी म्हणाल्या. म्हणून खात्रीला मला फुंकायला लावलं. शून्य! हिरवा दिवा, टाळ्या!

तेव्हापासून घरात डॉक्टरांशिवाय विषय नाही. व्यसन सोडवायचं काम नातीकडे ना! उठल्या उठल्या फोन: "सर, कालचा दिवस निभावला?" त्यांची सिगारेटची वेळ झाली की ही त्यांच्याबरोबर आवारात चकरा मारते. नवव्या दिवशी म्हणे सगळ्या वॉर्डानं कौतुक केलं. नऊ दिवसांचं! आणि मला? "आजी, तुझं शून्य आहे, तू निवांत बस." तू म्हणशील, थोरली जळते. जळतेच. एकोणीसवाल्याला माझी नात मिळाली, शून्यवालीला खुर्ची.

तर आता लिही गं पोरी: टाळ्या पडत होत्या तेव्हा माझ्या डाव्या गालात तंबाखूची चिमूट होती. पन्नास वर्षं आहे. यंत्राला धूर कळतो, चघळलेलं कळत नाही, आणि मला कुणी विचारलंच नाही.

(इथे लिहिणं अर्धा तास बंद होतं. पोरीनं मोबाइलचा उजेड पाडून माझं तोंड पाहिलं. आत चवळीएवढा पांढरा डाग आहे. मला ठाऊक होता. जीभ सारखी तिथेच जाते. "मला का नाही सांगितलंस?" म्हणाली. म्हटलं, तुला सरांमधून सवड कुठे होती? मग रडली, आणि मला असं झाडलं म्हणतेस! फार बरं वाटलं.)

तुझी,
थोरली

ता. क. उद्या ती रजा घेऊन मला तपासायला नेणार आहे. छातीचे डॉक्टर उद्या एकटेच चकरा मारतील.

आणखी ता. क. तूही आरशात गाल उलटा करून बघ. आजच. आणि मला खजूर पाठव, पण फक्त खजूर; खाली नेहमीची तंबाखूची डबी दडवू नकोस. मऊ बघून घे. तपासणीसाठी गालाचा तुकडा काढल्यावर काही दिवस चावता यायचं नाही म्हणे.