पुसलेले ठिपके

२ सप्टेंबर, धार
नोकरीचा पहिला दिवस. देवासहून बसने आले. आईने दिलेले लाडू बघून माझा सहकारी पियुष म्हणाला, "ऋजुता दीदी, रोज ऐसेच लाया करो!" काम मजेचं आहे. आमच्या कंपनीचं विमान ढगांवरून उडतं आणि रडारने खालच्या जमिनीचं चित्र काढतं. घर, झाड, जे उभं आहे ते जागच्या जागी ठसठशीत उमटतं. हलणारं मात्र पुसट होऊन भलतीकडे सरकतं. मनावर गावाच्या रस्त्यावरचा ट्रक चित्रात चक्क शेतात! खूप हसलो.

८ सप्टेंबर
निसरपुराकडच्या एका वस्तीचं चित्र आलं. धरणाचं पाणी चढवण्याआधी ती रिकामी आहे ना, एवढंच आम्ही सांगायचं. वस्तीलगतच्या पाण्यावर काही पुसट ठिपके होते. पियुषचं म्हणणं, ही माणसं आहेत. चालताहेत म्हणून पाण्यावर सरकलेली दिसतात, खरी आहेत वस्तीतच. उदाजीराव साहेब म्हणाले, लाटा असतील, पुसून टाक, अहवाल आजच द्यायचाय. मी नवी. पुसले.

१३ सप्टेंबर
पाणी चढलं. वस्तीतलं एक कुटुंब बुडालं. मुलगा म्हातारीला पाठीवर घेऊन निघाला होता म्हणे. पियुष माझ्याकडे बघतही नाही. आईला फोनवर सांगितलं, साहेब माझ्यावर खूश आहेत. सांगताना कान तापले.

१७ सप्टेंबर
नवं चित्र. आता तिथे नुसतं खोल पाणी. त्यावर ठिपके. कुणाला दाखवू? दाखवले तर आधीचंही सांगावं लागेल. पुसले.

२०
आज मनावरजवळ. तेच. एक ठिपका दुसऱ्याच्या पाठीवर. परत पुसले. स्वतःचीच शरम वाटते, तरी हात —

२२
नालछा, धारच्या वाटेवरचं. इकडेच येताहेत. शेवटी उदाजीरावांना सगळं सांगितलं. त्यांनी चित्र निरखून पाहिलं. त्यांना एकही ठिपका दिसला नाही.

२३
धार. आमची इमारत. ठिपके आता पुसट नाहीत, ठसठशीत आहेत. म्हणजे चालत नाहीत. उभे आहेत. इथेच —

भर दुपार. दाराखालून पाणी येतंय. बाहेरून म्हातारीचा आवाज, अगदी मायेचा —

"बेटी, हम तेरे को दिखे नी थे क्या?"

अजूनही खोटं बोलता येईल. लाटा वाटल्या, असं —

नाही. दिसला होतात. आजी, मला तुम्ही दिस