बुजगावण्याची हिरवी साडी

श्रावण वद्य एकादशी, मंगळवार, दिवेलागण

पांडुरंगा, आज उपवासाच्या दिवशी खोटं बोलले.

चैत्रात पळस, पावसात रानफुलं, असे फोटो मोबाईलवर काढून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायची मला सवयच लागली आहे. आज बांधावरच्या घाणेरीच्या झुडपात लांडोर अंड्यांवर बसलेली दिसली. हरखून तिचाही फोटो टाकला. लगेच मंडळातल्या कौसाबाईचा फोन. "कुठं हाय गं ही? आमचे भाऊजी इचारायलेत."

तिचा दीर फासे लावून तितर धरतो, गावाला माहीत आहे. मी पटकन म्हणाले, "माहेरी, चुडाव्याला काढलाय."

ती हसली. "आन् तुजी हिरवी साडी बी माहेरी गेली व्हय?"

फोटोत मागे आमच्या मुगातलं बुजगावणं आलंय. त्याला मीच माझी जुनी हिरवी साडी गुंडाळली. किती वर्षं भजनाला नेसले ती, कोण ओळखणार नाही? फोटो पुसला, पण आता काय उपयोग? अंडी गेली तर ते पाप माझ्याच माथी.

हे म्हणाले, "साडी काढून टाक." पण जागा तर कळलीच. आणि त्या साडीला लांडोर बुजत नाही, रोज बघते ना. साडीचा उरलेला तुकडा अभ्र्यांसाठी ठेवला होता. तोच डोक्यावरून घेऊन उद्या उजाडायच्या आत बांधावर राखणीला बसणार. कौसाबाईचा दीर आलाच तर मला बघून माघारी फिरावा. लांडोरीने तेवढं मला बुजगावणं समजावं, त्याने समजू नये.