माहेरच्या मातीसकट

प्रिय स्वाती,

फोन असताना वहिनीला पत्राचा पुळका कुठून आला, म्हणून हसशील. पण फोन आला की बाबा स्पीकर लावायला सांगतात, तुझ्याकडे मेसेज अख्खं घर वाचतं, आणि तुझ्या दादाला निरोप दिला तर अर्धा तो विसरेल नि अर्धा बाबांनाच सांगेल. म्हणून बोईसरला कामावर जाता जाता हे पाकीट तेवढं तो तुला देईल. मी फार घाबरले आहे गं.

आपला पांढरा कांदा गेला. आधी पात पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडलं. एक कांदा उपटायला गेले तर पात हातात आली आणि कांदा मातीतच राहिला. उकरून पाहिलं तर बुडाशी पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे दाणे. बाबा म्हणाले, "कांद्याचा रोग कांद्याला. लिली फूलझाड हाय, तिला काय नाय व्हायचं." मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं. कृषी खात्याच्या मॅडम म्हणाल्या, काही रोग कांद्यापुरते राहतात, पण हा भाजी बघत नाही नि फूल बघत नाही. दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कुदळीला, पाण्याला, पायांना लागून पुढे जातात. घरी येऊन लिलीचा वाफा उकरला. कडेच्या गड्ड्यांवर तेच दाणे होते. तेव्हापासून फोडणीत मोहरी टाकतानाही तेच दाणे दिसतात.

बाबांना दाखवलं तर त्या दिवशी जेवलेच नाहीत. आईंच्या हातची लिली ती. दुसऱ्या सकाळी बघते तर चांगले दिसणारे गड्डे निवडून पोत्यात भरत होते, तुझ्या घरभरणीसाठी. आपली रीत तुला ठाऊकच आहे. लेकीच्या नव्या दारात माहेरची लिली, तीही न धुता, मातीसकट, बापाने स्वतः लावायची. मी अडवलं असतं तर सून लेकीचं माहेर तोडते, असं झालं असतं. आणि तुझ्या उंबऱ्यापासून चार पावलांवर तुमचे कांद्याचे वाफे, सगळं घर त्यावर उभं.

बाबा उद्या येताहेत. पोतं हसून घे, पाऊस पडल्यावर तुमच्याच हातानं लावू म्हण, आणि गच्चीवर ठेव. ते परतले की जाळून टाक. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, त्यांना सोसणार नाही. पण त्याही आधी एक कर. ते फाटकाशी दिसले की गरम पाणी नि साबण घेऊन पुढे हो. वाडीत ते अनवाणी फिरतात, टाचांच्या भेगांत आपली माती भरलेली असते. लेक पाय धुते म्हणून त्यांचे डोळे भरतील, भरू देत. तू भेगा नीट घासून धू. आणि ते पाणी कांद्याकडे जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
मेघाली वहिनी