हवेवर टांगलेली लादी

फरीदाबाद
५ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. उल्का हिला राजाभाऊचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. तुझ्या दीनानाथरावांनी रिटायर झाल्यावर मेव्हण्याच्या दगडाच्या गोदामात यावं, हे तुला पटलेलं नाही. चलो, रागाव. पण ग्रॅनाइटची लादी नुसत्या हवेवर कशी टांगते, हे विचारलंस म्हणून सांगतो. लहानपणी पेल्यातली हवा ओढून तो ओठांना चिकटवायचीस आणि निघेना की भोकाड पसरायचीस, आठवतं? आमचा व्हॅक्यूम लिफ्टर तेच करतो, रबरी वाट्या लावून.

आधी रबर आणि दगड कोरड्या फडक्यानं पुसायचे. लादी वीतभर उचलून पंप बंद करायचा आणि दाबाचा काटा बघायचा. ढळला, तर लादी लगेच खाली उतरवायची. तिच्या पडायच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही, मग तो घरचा जावई का असेना. शिवाय माझे कान आहेतच. लाडवाचा डबा तू कितीही हळू उघडलास तरी मला ओसरीवर कळायचं.

खंडेनवमीला ये. मशीनची पूजा तुझ्याच हातची हवी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

द्वारका
१४ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. राजादादास उल्काचा सा. नमस्कार.

दादा, काय केलंस हे? काल हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. जेवले नाहीत. खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, की राजाभाऊंनी सगळ्या कामगारांदेखत ‘ए, हट पीछे’ म्हणून छातीवर धक्का मारला. आता गोदामात पाऊल टाकणार नाहीत म्हणे.

पण दादा, माझ्या हातून ताटली पडली, तर हे ताडकन उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. नुसत्या अपमानानं असं होत नाही. फोनवर यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. मी इतक्या मनापासून पूजा केली, एकेक वाटी सजवली, आणि लगेच हे. खरं काय ते कळव.

रागावलेली, तरी तुझीच
उल्का

फरीदाबाद
१७ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. उल्का हिला अनेक आशीर्वाद.

धक्का मारला, म्हणून ते आज धडधाकट आहेत. हे आधी वाच, मग पुढचं.

सोमवारी सणानंतरची पहिली लादी होती. नुकतीच पूजा झालेलं मशीन, म्हणून ना पुसलं, ना पंप बंद करून काटा पाहिला. देवाचं झालं की सगळं बिल्कुल ठीक, असं मीही धरून चाललो. लादी छातीएवढी वर गेली आणि वीज गेली. इथे वीज जाण्याचं कुणाला काय! पंप थांबला तरी वाट्या लादीला बराच वेळ धरून राहतात. हातसाखळीनं सावकाश उतरवायची. पण पंपाची घरघर थांबली तशी मला बारीक सूं ऐकू आली. शिटीआधी कुकर करतो तशी. काटा उतरत होता. धोक्याची घंटा सुरू झाली, आणि दीनानाथराव लादीला हात लावायला धावले. ओट्यावरून घसरलेलं भांडं धरावं, तसे. ‘अहो, जरा मागे व्हा’ म्हणण्याइतका वेळ नव्हता गं. त्यांची पावलं होती तिथेच लादी फुटली. माझ्या कानात ती अजून फुटते.

रबराच्या कडेला कचरा अडकून हवा आत शिरत होती. कसला, ते सोड. पुसून घेणं माझं काम होतं. दिवाळीआधी येऊन त्यांचे पाय धरीन. पण पुन्हा तसे धावले, तर पुन्हा ढकलीन.

तुझा दादा

द्वारका
२१ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. दादास सा. नमस्कार.

कचरा कसला, ते यांना विचारलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा धुण्यातला यांचा रुमाल आठवला. लाल डाग पाहून मला रक्तच वाटलं होतं. घडी उलगडली तर तेलात माखलेल्या अक्षता. प्रत्येक वाटीच्या कडेला तेलाचं बोट फिरवून हळदकुंकू आणि अक्षता मीच लावल्या होत्या.

कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून लादी फुटल्यावर यांनी ते पुसून खिशात घातलं आणि मला अपमानाची गोष्ट सांगितली. तू देवाच्या तांदळाला कचरा म्हणालास. दोघं मिळून मला वाचवायला निघालात, आणि यांना वाचवणारा तू माझ्या शिव्या खात बसलास.

काल तो रुमाल धुऊन यांच्यापुढे ठेवला. रात्री पोटभर जेवले. सकाळी डबा मागितला.

पुढच्या खंडेनवमीलाही पूजा माझीच. हार खांबाला, हळदकुंकू उंबऱ्याला. वाट्यांना फक्त कोरडं फडकं. डब्याखाली जुन्या धोतराची मऊ फडकी ठेवली आहेत, आज पहिली लादी उचलण्याआधी वापर. हे पत्र यांच्याच हाती देते आहे.

घंटा वाजली, तर यांना खुशाल ‘ए’ म्हण.

तुझी
उल्का