पदराआडून मीटिंग

सोम. ५ जाने.
आज रूपीनं मला मीटिंगीत घेतलं! कंपनी पुण्याची, ट्रॅक्टरचे भाग विकती, अन् नात माझी इथं झरी गावात पलंगावर बसून नोकरी करती. पडद्यावर सहा खिडक्या, सहा तोंडं. साहेब म्हणाले, "आजी, बोला की कायतरी." मी म्हणलं, "लय गोरे दिसायलाव साहेब, जेवता का नुसती पावडर लावता?" सगळे खदाखदा. त्या नादात दुधाला विरजण लावायचं राहिलं.
त्यात एक पूर्णेचा, सोपान नावाचा. म्हणाला, "आजी, परत सांगा, कळलं न्हाई." परत सांगितलं. परत, "कळलं न्हाई." मग तर लोकं त्यालाच हसले. मी बी. ठोंब्याच हाय.

मंगळ. ६ जाने.
रू. म्हणती, त्याला ऐकूच येत न्हाई. बोलणाऱ्याचं तोंड बघून ओळखतो. "अन् तू पदर धरलेला तोंडावर!" धरणारच. परके पुरुष समोर. सासूनं लावलेली सवय, सासू गेली, सवय ऱ्हायली. बोललेलं पडद्यावर खाली अक्षरांत उमटतं म्हणे, पण आपली मराठी त्या यंत्राला झेपत न्हाई.
मला बी अलीकडं कमीच येतं ऐकू. पण मी कुणाला कळू देते व्हय!
दोघातला एकच नोकरीत कायम होणार. रू. नाहीतर सोपान. "काम त्याचंच चांगलंय," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ माझ्या पदराकडं बघत बसली.

सोम. १२ जाने.
पोरगी माझ्यावर गेली! साहेब म्हणाले, कामं आपसात वाटून घ्या. रू.नं चहाचा मग उचलला, तोंडापुढं धरला अन् आडून बोलली, "जिंतूरच्या दुकानदाराचा माल गुरुवारपर्यंत सोपान पाठवतील." मगात चहाच नव्हता. मी बघितला ना, कोरडा ठणठणीत! सोपाननं नुसती मान हलवली. परत विचारायला लाजला असंल, मागल्या सोमवारी हसले होते ना. एरवी रू. मागून सगळ्यांना लिहून पाठवती. आज न्हाई.
हसू दाबता दाबता माझी कवळी निसटली.

शुक्र. १६ जाने.
माल गेलाच न्हाई. दुकानदारानं साहेबांनाच फोन लावला. साहेब सगळ्यांदेखत सोपानला, "कान नाहीत तर डोकं तरी वापरा!" त्यांनी तोंड मोठं करून, एकेक शब्द तोडून म्हणलं, म्हणजे एवढं तरी त्याला कळावं.
तो म्हणाला, "मला कुणी सांगितलं न्हाई."
रू. म्हणाली, "सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं."
खोटं काय त्यात? ऐकलंच की सगळ्यांनी.
तिच्या आवडीचं भरीत केलं. ती नुसती चिवडत बसली. मी दोन भाकरी खाल्ल्या.

सोम. १९ जाने.
आज निकाल. नवं लुगडं नेसले. साहेब म्हणाले, "आजी, आधी तुमचा आशीर्वाद." मी सरकले पुढं. सगळे हसायलेत, सोपान सोडून. तो माझ्या तोंडाकडं टक लावून.
"आजी, तुमी तिथंच होताव ना त्या सोमवारी? मला सांगितलं होतं का खरंच?"
रू.चा हात माझ्या मांडीवर. नखं रुतली. माझा हात पदराला गेला, वर घ्यायला का खाली, मला तरी कुठं ठाऊक.
अन् लाइट गेली. नेट बंद. सोपान तिथंच थिजला पडद्यावर, वाट बघत.
"काय सांगणार होतीस?" रू.नं विचारलं.
"आशीर्वाद."
"आजी, खरं सांग."
मी कवळी नीट बसवत ऱ्हायले.
लाइट आली तशी तिनं मला हाताला धरून भाईर काढलं अन् आतून कडी लावली. आत बोलणं चालू झालं. दाराला कान लावला, चांगला होता तो. नुसती गुणगुण. कोण बोलायलंय, रडायलंय का हसायलंय, कायबी उमजंना.
तेवढ्यात सून, रू.ची आई, चुलीपाशी पाठमोरी कायतरी म्हणाली. रू.बद्दलच असंल.
मी नुसती मान हलवली.