थडग्याशेजारचं झुडूप

प्रिय क्लेल,

तुझं ते झाडांचं पुस्तक मी न विचारता काढलंय. तीन वर्षं तुझ्या खोलीत फळीवर पडून होतं. तेव्हापासून डोक्याचा पार भुगा झालाय. तुझ्या आईच्या थडग्यापाशी, त्या मोठ्या हेमलॉकच्या झाडाखाली जे झुडूप आहे, ते नक्की काय आहे हे येत्या रविवारपर्यंत ठरवायचंय. ते दुर्मीळ ठरलं नाही, तर हेमलॉकही जाणार आणि झुडूपही.

पुस्तक म्हणतं, दुर्मीळ पायरेट बुशची पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात आणि तशाच दिसणाऱ्या साध्या ऑइलनटची एकाआड एक. ऑइलनट काय, आपल्या ओढ्याकाठी पैशाला पासरी. मी गुडघे टेकून, चष्मा पुसपुसून पाहिलं. खालच्या फांदीवर पानं समोरासमोर दिसली, खूश झालो. वरच्या फांदीवर एक पान जरा मागे सरकलेलं. आता ते तसंच उगवलंय की जोडीचं किड्याने खाल्लंय, कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी गेलो तर मला सगळीच एकाआड एक दिसायला लागली. दोन्ही झुडपं शेजारच्या झाडाच्या मुळांतून रस ओढतात म्हणे, म्हणजे त्यावरूनही काही कळायची सोय नाही.

हेमलॉक वाळत चाललाय. सुयांसारख्या पानांच्या खालून पांढरा कापूस धरलाय, सगळ्या डोंगरात तीच कीड. दफनभूमीच्या कमिटीचा मुख्य सध्या तुझा व्हेस्टरकाका. तो म्हणतो, “तुझं झुडूपच त्या झाडाला खाऊन बसलंय. दोन्ही काढून टाक. रविवारी फांदी पडली कुणाच्या डोक्यात, तर जेवता जेवता आणखी एक खड्डा खणावा लागेल.” मी त्याला कापूस धरलेली फांदी दाखवली, तर म्हणाला, “तुला कुंपणापलीकडची स्वतःची गाय दिसत नाही, कीड बरी दिसली!” त्याचं खरं की माझं, मला खरंच कळेनासं झालंय.

रविवारी डेकोरेशन आहे, सगळे नातेवाईक थडग्यांवर फुलं वाहायला आणि तिथेच जेवायला जमणार. आदल्या दिवशी थडग्यांवरचं गवत काढून माती उघडी करायची, उंचवटे नीट रचायचे, फुलं मांडायची. कुठे काडी राहिली तर लोक म्हणतात, यांच्या मेलेल्यांना कुणी वाली नाही. म्हणून ते झुडूप मी दरवर्षी बुडापासून तोडायचो आणि ते दरवर्षी पुन्हा फुटायचं. तीन वर्षांपूर्वी तू विळा खाली ठेवून आडवा उभा राहिलास. “डॅडी, हे तोडू नका. हे फार थोड्या ठिकाणी उरलंय,” म्हणालास. सगळे नातेवाईक बघत होते आणि मला शरम वाटली. कामाला हात दुखतात, जेवायला मात्र पुढे, बांडगूळ नुसतं, असं मी तुला चारचौघांत म्हणालो. झुडूप तोडलं आणि अंधार पडायच्या आत तू गेलास. मग थंडीत कळलं, चुलीची लाकडं इतकी वर्षं कोण फोडत होतं. मी चुकलो, क्लेल. तेव्हापासून मी त्याला विळा लावलेला नाही. आता कमरेएवढं झालंय आणि लोक बोलतात ते बोलतातच.

काल कमिटी करवत घेऊनच वर आली. व्हेस्टरने विचारलं, “हे दुर्मीळ आहे म्हणणारा कोण? तू?” पुस्तक माझ्या हातात होतं आणि झुडपाची पानं पुन्हा उलटसुलट दिसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “माझा क्लेल म्हणतो. रविवारी येतोय तो, त्यालाच विचारा.” करवत परत गाडीत गेली. ऑटीआत्याने तर तुझ्यासाठी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक करायला घेतलाय, आणि ती मला एकसारखी विचारतेय, पोरगा किती वाजता पोचतोय. मी तिला दुपार म्हणून सांगितलंय. ही सगळी माझी थाप आहे, आणि ती खरी करणं माझ्या हातात नाही. ते ऑइलनट निघालं तर व्हेस्टर झाड पाडेल, पाडू दे. तू मात्र ये.

रविवारी दुपारपासून रस्त्यावर उभा असणारा,
तुझाच,
डॅडी