तळ्यात नसलेले देव

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी मंगलचा फोन. सुशीची लेक. अधूनमधून चोरून करते, आज मात्र तिच्या आईनं दिलेला निरोप सांगायला. धाकट्या बहिणीचा निरोप, एकतीस वर्षांनी.

“मामा, शनिवारी चंपाषष्ठी. आईला तळ्यावर न्यायचंय, मला नेमकी परीक्षेची ड्युटी. तिचे गुडघे गेलेत. तुमी पायऱ्यांवर नुसता हात धरा. देव मानायची गरज न्हाय.”

कुठलं तळं, विचारलं.

“कंबर तलाव की. आजीचे देव तुमी सोडले तितं. दरसाल येते ती मंद्रूपहून, भरीत-रोडगा घिऊन. तुमाला म्हाईत न्हाय?”

नव्हतं. माझ्या दारापासून चालत वीस मिनिटं. एकतीस वेळा आली नि गेली.

हो म्हणालो. फोन ठेवल्यावर चहा करायचा राहूनच गेला.

३ डिसेंबर

ट्रंक उघडली. वर जुनी बालभारतीची पुस्तकं, खाली खडूची लाकडी पेटी. पेटीत आईचं हिरवं खणाचं फडकं, फडक्यात तीन चांदीचे टाक. मधला खंडोबा, बोटभर. घोड्याचं तोंड झिजलेलं. आई चिंचेनं घासायची ना.

भंडाऱ्याचा वास अजून आहे. की मलाच येतो, कोण जाणे.

मी देव मानत नाही. तेव्हाही नव्हतो मानत, आजही नाही. त्यात काडीचा फरक नाही. पण पेटी तासभर मांडीवर होती.

४ डिसेंबर

लिहून टाकतो. कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक होतं; जाईपर्यंत चकार शब्द काढला नाही.

आईचं तेरावं झालं त्या दिवशी. देव थोरल्या मुलाकडे जायचे, म्हणजे माझ्याकडे. तेव्हा मी गावोगाव व्याख्यानं देत होतो. सुशी स्वैपाकघराच्या दारात उभी. “दादा, तुला नको असतील तर मला दे. मी करीन त्यांचं.”

मी म्हणालो, “लेकीला माहेरचे देव नेता येत नाहीत.”

मी. देव नाही म्हणणारा. रूढी मोडा म्हणून घसा कोरडा करणारा. देव सोडला होता, रीत तेवढी हाताशी ठेवली होती, बहिणीला गप्प करायला. ती गप्प झालीसुद्धा. आठवड्यानं पुन्हा विचारायला आली, तेव्हा सांगितलं, तळ्यात सोडले.

त्याच संध्याकाळी खरंच सोडायला गेलो होतो. पायरीवर बसलो, फडकं सोडलं. आईच्या बोटांची हळद दिसली. परत बांधलं.

त्यानंतर भाऊबीज नाही.

५ डिसेंबर

चौथीच्या पुस्तकात एक कविता होती. ओढ्याकाठची, दोन भावंडांची. शेरडांमागं हिंडताना मी म्हणायचो नि सुशी मागून. तिला शाळा चौथीपर्यंतच. मी पुढं शिकलो, पोरांना कविता शिकवून म्हातारा झालो. आज दोन कडवी आठवली. तिसरं काही केल्या नाही. पुस्तकातलं नेमकं तेच पान गेलंय.

शनिवारी टाक देऊन टाकावेत. सरळ हातात.

मग तिच्या एकतीस फेऱ्या? गुडघे दुखत असताना उतरलेल्या पायऱ्या? खोटं ठरेल ते माझं की तिचं?

७ डिसेंबर, शनिवार

पेटी पिशवीत घातली. एस.टी. साडेनवाला. उतरली ती केवढीशी झालीय. चेहरा थेट आईचा. आधी ओळखलंच नाही मी तिला.

“दादा, टक्कल पडलं की रे.”

एवढंच. जणू मागच्याच महिन्यात भेटलो होतो.

पायऱ्यांवर हात धरला. हात खडबडीत, गरम. खाली पोचल्यावर म्हणाली, “मी आपली अंदाजानं ठेवायची. आज तू हायस. सांग, कुटनं सोडले?”

त्या संध्याकाळी बसलो होतो ती पायरी दाखवली. पायरी खरी होती.

तिनं भरीत, रोडगा, कांद्याची पात मांडली. भंडारा उधळला, थोडा माझ्या बाहीवर. झटकला नाही. मी हात जोडले नाहीत, तिनंही जोड म्हटलं नाही. डोळे मिटून पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं काहीतरी. नीट ऐकलं तर ओढ्याकाठची कविता. तिसरं कडवं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“हे काय म्हणतेस?”

“मला मंतर कुटं येतात? तू शिकवलंस तेवढंच येतं. दरसाल हेच म्हणते.”

पिशवी आणखी जवळ ओढली. मग तिनंच विचारलं, “पिशवीत काय हाय? मघापासनं पोटाशी धरून बसलायस.”

“पुस्तक.”

“अजून पुस्तकंच व्हय.” हसली. रोडग्याचा तुकडा भरीत घालून हातावर ठेवला. “परसाद म्हणून नको खाऊस. वांगं म्हणून खा.”

खाल्ला. आईच्या हाताची चव, मीठ तेवढं जास्त.

एस.टी.त बसवलं. खिडकीतून म्हणाली, “मंगळवारी डोळे दावायला यायचंय सोलापुरात. तुझ्याकडं टेकीन म्हणते दुपारी. चालंल?”

मान हलवली.

८ डिसेंबर

तिसरं कडवं वहीत उतरवून घेतलं. तिच्या आवाजातच आठवतं आता.

घर झाडलं. तिच्यासाठी खुर्ची खिडकीपाशी लावली, पायाखाली पाट. साखर आणायची आहे. ती गोड चहा पिते, की प्यायची.

पेटी ट्रंकेत परत ठेवायला गेलो. ठेवली. पुन्हा काढली. आता टेबलावर आहे, खुर्चीत बसलं की थेट समोर दिसेल अशी. वर वर्तमानपत्र टाकलंय. मंगळवारी दार वाजेपर्यंत ते तसंच राहू दे.